रिपोर्टासोबतचं मराठी शब्दपत्रक : तालुक्याच्या एका लॅबच्या सेवेचं परीक्षण

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावातली पॅथॉलॉजी लॅब प्रत्येक रिपोर्टाला मराठी पत्रक जोडून देते. ए-फोर आकाराचा एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, तीन घड्यांचा. रिपोर्टात नेहमी येणारे शब्द त्यात घेतले आहेत : शब्द कुठल्या भाषेतला, मुळात त्याचा अर्थ काय होता आणि आज लॅब तो कशासाठी वापरते. याचे वेगळे पैसे नाहीत. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मागवला तर पत्रकाची पीडीएफही येते. हे परीक्षण मुख्यतः या पत्रकाचं आहे. लॅबचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातल्या चुका सहज दुरुस्त होण्याजोग्या आहेत आणि ही कल्पना कुठल्याही लॅबने उचलावी अशी आहे.

तापाच्या तपासण्यांचा भाग उत्तम झालाय. रक्ताच्या मोजणीचा भाग ठीक. यकृत, मूत्रपिंड आणि साखरेच्या भागात चांगलं आणि चुकीचं शेजारीशेजारी बसलंय. शब्दाचं मूळ कळलं की तपासणी नेमकं काय बघते ते लक्षात राहतं, हे खरंच. पण वैद्यकातले बरेच शब्द त्या त्या काळच्या चुकीच्या समजुती पोटात घेऊन आलेत. म्हणून नुसतं मूळ देऊन भागत नाही. ‘पूर्वी असं वाटायचं, आज असं माहीत आहे’ ही दुसरी ओळ लागतेच. पत्रकात जिथे ही दुसरी ओळ आहे तिथे ते रुग्णाच्या उपयोगी पडतं. जिथे नाही तिथे गोंधळ वाढवतं.

आधी नमुना घेण्याबद्दल, कारण पत्रकाची पहिली घडी त्यावरच आहे आणि ती वाचून लॅबचं कामही तपासता येतं. ‘सीरम’ हा लॅटिन शब्द. मूळ अर्थ फाटलेल्या दुधातून सुटणारं पाणी. रक्त गोठलं की गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं, म्हणून हे नाव. पत्रक इथे थांबत नाही. पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या नळीतलं रक्त गोठायला साधारण अर्धा तास उभं ठेवावं लागतं, त्याआधी मशीनमध्ये फिरवलं तर सीरममध्ये तंतू राहतात, आणि दोन तासांच्या आत सीरम वेगळं करायला हवं, हेही त्यात आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. ही नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची असते, खळखळ हलवायची नसते. नळ्यांचा क्रमही बरोबर छापलाय : निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या नळीतला थेंब पिवळ्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घसरतं.

‘हिमोलायसिस’ या शब्दाला चार ओळी दिल्यात, त्या योग्यच आहेत. ग्रीक हायमा म्हणजे रक्त, लायसिस म्हणजे सुटणं, विरघळणं. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्या आतलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं आणि आकडा घाबरवणारा येतो. बारीक सुईने सिरिंज जोरात ओढली, नमुना बर्फाला थेट टेकवून ठेवला, किंवा लांबच्या वाडीतून दुचाकीच्या डिकीत हिंदकळत आला, की हे होतं. वाडीवस्तीवर जाऊन रक्त घेण्याची सोय ही लॅब देते, आणि किनाऱ्यावरच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर हा धोका खराच आहे. नळ्या उभ्या रॅकमध्ये, बर्फाच्या पिशवीपासून कापडाने वेगळ्या ठेवल्यात का, हे रुग्णाने विचारायला हरकत नाही. रिपोर्टाखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर पोटॅशियमवर विश्वास न ठेवता पुन्हा रक्त द्यावं. पत्रकात ही शेवटची सूचना नाही. ती हवी होती. त्याऐवजी ‘प्लाझ्मा’ हा मुळात ‘घडवलेलं’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे ही माहिती तीन ओळी खाते, आणि तिचा रुग्णाला काहीच उपयोग नाही.

आता तापाची बाजू. जून ते ऑक्टोबर इथे ताप आला की एकाच वेळी पाच-सहा आजारांचा संशय घ्यावा लागतो. पत्रकाने नेमका तोच क्रम धरलाय.

‘मलेरिया’ इटालियन : ‘माला आरिया’, वाईट हवा. दलदलीतल्या दुर्गंधी हवेने ताप येतो असं तेव्हा मानत. १८८० मध्ये लाव्हरानने रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला तो डासाच्या पोटात शोधला, आणि हवेची गोष्ट संपली. नाव तेवढं राहिलं. आपला ‘हिवताप’ शब्द कारणाबद्दल काहीच दावा करत नाही, फक्त हीव भरतं एवढं सांगतो, म्हणून तो अजून खरा आहे. पत्रक पुढे दोन जातींकडे वळतं आणि इथे ते फार चांगलं आहे. ‘व्हायवॅक्स’ म्हणजे चैतन्याने भरलेला. तांबड्या पेशीत हा परजीवी सारखा आकार बदलत हालचाल करतो. ‘फाल्सिपॅरम’ या नावात विळा आहे. याची लैंगिक अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखी वाकडी दिसते. रिपोर्टात यांपैकी कुठला शब्द आहे यावर उपचार ठरतो. फाल्सिपॅरम मेंदूपर्यंत पोचू शकतो, तिथे तासांचा प्रश्न असतो. व्हायवॅक्स यकृतात निजून राहतो. त्या निजलेल्या रूपाला ‘हिप्नोझोइट’ म्हणतात, हिप्नोस म्हणजे झोप. म्हणूनच ताप उतरल्यावरही प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स पुरा करावा लागतो आणि त्याआधी, हे औषध तांबड्या पेशी फोडणार नाही ना हे बघायला, जी-सिक्स-पीडी तपासणी करतात. तो कोर्स अर्धा सोडला की काही महिन्यांनी ताप परत येतो आणि लोक म्हणतात, नवीन डास चावला.

एक गोष्ट पत्रकात नाही, ती इथे सांगायला हवी. रक्ताच्या थेंबावर लगेच निकाल देणाऱ्या मलेरियाच्या कार्डावरची फाल्सिपॅरमची रेघ बहुधा त्याच्या एका प्रथिनावर उमटते आणि ते प्रथिन बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. औषध घेऊन ताप गेलाय आणि कार्ड अजून पॉझिटिव्ह आहे, याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा होत नाही. अशा वेळी काचपट्टीच बघायची.

‘लेप्टोस्पायरा’ला सगळ्यात जास्त जागा दिलीय आणि कोकणात ते रास्तच आहे. लेप्टोस बारीक, स्पायरा वेटोळं : बारीक वेटोळ्यांचा जंतू. त्याच्या जातीचं नाव ‘इंटरोगॅन्स’, कारण टोकाला आकड्यासारखा वळलेला हा जंतू प्रश्नचिन्हासारखा दिसतो. १९०७ मध्ये स्टिम्सनने ते नाव दिलं. त्याच्या आधी, १८८६ मध्ये, जर्मन डॉक्टर वाइलने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र येणारा आजार नोंदला होता, म्हणून गंभीर रूपाला आजही ‘वाइलचा आजार’ म्हणतात. जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीतून किंवा जखमेतून आत शिरतो. लावणीच्या चिखलात दिवसभर अनवाणी उभं राहणाऱ्याच्या पायाला भेगा असतातच. पत्रकाने हे सगळं जोडून, मग तपासणीचा दिवस सांगितलाय : आयजीएम, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध आधी बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, तापाच्या साधारण पाचव्या-सातव्या दिवसानंतर पॉझिटिव्ह येऊ लागते. दुसऱ्या दिवशी केलेली निगेटिव्ह तपासणी लेप्टो नाही असं सांगत नाही. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे आणि शेतात काम, एवढं जुळलं तर डॉक्टर रिपोर्टाची वाट न बघता औषध सुरू करतात, आणि ते बरोबर असतं. ही ओळ ठळक छापायला हवी होती.

‘डेंग्यू’ शब्द स्पॅनिश आहे असं पत्रक ठामपणे लिहितं. हे इतकं सरळ नाही. शब्द स्पॅनिशमार्गे युरोपात पसरला, पण त्याच्या मागे स्वाहिलीतला ‘डिंगा’ असावा असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. दोन्ही मतं एका ओळीत मावली असती. तपासणीचा भाग मात्र नेमका आहे : एनएस-वन म्हणजे विषाणूच्या कवचात न जाणारं पहिलं प्रथिन, ते पहिल्या पाच दिवसांत सापडतं, पाचव्या दिवसानंतर आयजीएम बघायची.

‘चिकुनगुनिया’चा खुलासा वाचण्यासारखा आहे. शब्द टांझानियाच्या माकोंडे लोकांच्या भाषेतला; अर्थ, वाकवून टाकणारं. १९५२ मध्ये त्या पठारावर साथ आली तेव्हा सांधे धरल्याने माणसं वाकून चालत होती. २००६ च्या आपल्याकडच्या साथीत नाव ऐकून लोकांनी कोंबडी खाणं सोडलं होतं. पत्रक स्पष्ट सांगतं की चिकनशी याचा काही संबंध नाही, आजार एडिस डासाने पसरतो. ‘एडिस’ म्हणजे ग्रीकमध्ये नकोसा, किळसवाणा. तो दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पत्रकात टायर आणि कूलर लिहिलेत, जे शहरी पत्रकातून उचललेले वाटतात. इथल्या आगरात आधी बघायला हवं ते करवंट्यांत आणि गळून पडलेल्या पोफळीच्या विऱ्यांत. मलेरियाच्या डासाचं नाव ‘अॅनोफिलिस’ म्हणजे निरुपयोगी, हेही दिलंय. ते गमतीदार असलं तरी रिपोर्टात कधी येत नाही.

टायफॉइडकडे आल्यावर पत्रकाची कसोटी लागते. ग्रीक ‘टायफोस’ म्हणजे धूर, धुकं; तापात भान धूसर होतं म्हणून एका आजाराला टायफस नाव पडलं, आणि त्याच्यासारखा दिसतो म्हणून दुसऱ्याला टायफॉइड. हे दोन आजार वेगळे आहेत हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झालं, तरी नावं चिकटून राहिली. पत्रकात इथवर सगळं बरोबर. पुढे मात्र टायफॉइडसमोर ‘विषमज्वर’ लिहून ‘प्राचीन आयुर्वेदात वर्णन केलेला’ अशी भर घातलीय. ही चूक महागात पडू शकते. चरक-सुश्रुतांचा विषमज्वर म्हणजे अनियमित येणारा-उतरणारा ताप. त्याचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे प्रकार सांगितलेत. एक दिवस सोडून तिसऱ्या दिवशी येणारा तृतीयक ताप हा आजच्या व्हायवॅक्स मलेरियाशी जुळतो. युरोपातही त्याला ‘तिसऱ्याचा ताप’ असंच नाव होतं, कारण तिथेही तापाचा पहिला दिवस धरून मोजत. टायफॉइडचा ताप याच्या उलट, पायरीपायरीने चढतो आणि टिकून राहतो. आधुनिक मराठीत विषमज्वर हा शब्द टायफॉइडला लावला गेलाय आणि आता तो रुळलाय, त्याला हरकत नाही. पण जुना ग्रंथ वाचून विषमज्वराचा काढा टायफॉइडवर देणाऱ्याला या ओळीने आधार मिळतो. ती ओळ काढून टाकावी.

विडाल तपासणीबद्दल पत्रक मोघम आहे. फर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ मध्ये ती आणली. रुग्णाच्या सीरममध्ये जंतू एकमेकांना चिकटतात का, हे ती बघते. या चिकटण्याला ‘अॅग्लुटिनेशन’ म्हणतात, मुळात ग्लुटेन म्हणजे डिंक, सरस. अडचण अशी की जुना टायफॉइड, लस किंवा दुसराच कुठला तापही थोडं चिकटणं दाखवतो. एकदाच केलेल्या तपासणीत एकास ऐंशी आलं, म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ करूनही चिकटणं दिसलं, म्हणून टायफॉइड ठरत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, हाच भरवशाचा मार्ग. लॅब कल्चरचा नमुना जिल्ह्याच्या गावी पाठवते, पण पत्रकात त्याचा उल्लेखच नाही. उलट एक छोटी टीप मनापासून आवडण्यासारखी आहे : ‘साल्मोनेला’ हे नाव अमेरिकन पशुवैद्य डॅनिएल साल्मन याच्यावरून पडलंय, सॅमन माशावरून नव्हे. किनाऱ्यावर हॉटेलांच्या यादीत रावसाला ‘इंडियन सॅमन’ लिहितात, तेव्हा ही शंका खरंच विचारली जाते.

स्क्रब टायफसच्या जंतूच्या नावातला ‘त्सुत्सुगामुशी’ जपानी आहे : त्सुत्सुगा म्हणजे आजार, पीडा, मुशी म्हणजे किडा. ‘स्क्रब’ म्हणजे झुडपी रान. चिगर माइट या गोचिडीच्या नात्यातल्या बारीक जिवाच्या पिल्लाने चावलेल्या जागी काळी खपली धरते, तिला ‘एशार’ म्हणतात. ग्रीकमध्ये एस्खारा म्हणजे चूल, आणि भाजल्यावर धरते तशी ही खपली म्हणून नाव. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली शोधावी लागते. पत्रकात ‘खपली शोधा’ एवढंच आहे, कुठे ते नाही.

माकडतापाला पत्रकात जागाच नाही, आणि ही उणीव मोठी आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून हा आजार दिसतोय. मूळ नाव क्यासनूर या शिमोगा जिल्ह्यातल्या जंगलावरून, १९५७ मध्ये तिथे आधी माकडं मेली आणि मग माणसं आजारी पडली. माकडताप या नावामुळे लोक माकडालाच दोष देतात. माकड बिचारं स्वतः रुग्ण असतं. विषाणू माणसात आणते ती गोचीड, बहुधा तिचं डोळ्याला जेमतेम दिसणारं पिल्लू. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्याला ताप आला, तर लॅबमध्ये डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह आले म्हणून स्वस्थ बसू नये. सरकारी दवाखान्यात रानात गेल्याचं सांगून पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, नमुना द्यावा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवावं, कारण त्याच्या अंगावरून गोचिडी उतरून आसपास पसरतात.

रक्ताच्या मोजणीच्या भागात शब्दांपेक्षा एककांचा घोळ जास्त आहे. ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ची फोड छान केलीय : थ्रॉम्बोस गुठळी, सायटोस पेशी, पेनिया दारिद्र्य, गुठळी करणाऱ्या पेशींचं दारिद्र्य. पण रिपोर्टात प्लेटलेट कधी १५० अशा छापल्या जातात, कधी १.५ लाख, आणि दोन्ही एकच. पहिल्यात एकक हजाराचं असतं. डेंग्यूच्या दिवसांत १५० बघून घरातली माणसं गाडी करून जिल्ह्याला निघतात. पत्रकाच्या अगदी वरच्या ओळीत हे यायला हवं. दुसरं, ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन त्यांना कमी मोजतं. माणूस ठणठणीत, अंगावर लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही आणि प्लेटलेट तीस हजार, असं दिसलं तर काचपट्टीवर गठ्ठे बघायला आणि निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा मोजायला सांगावं. निळ्या नळीत रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा एक भाग आणि रक्ताचे नऊ भाग असतात, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणायचा.

‘इओसिनोफिल’ची ओळ थोडक्यात आणि सुरेख आहे : इओस ही पहाटेची ग्रीक देवता, तिच्यावरून गुलाबी इओसिन रंग, आणि तो रंग आवडीने शोषणारी पेशी ती इओसिनोफिल, पॉल एर्लिखने १८७९ मध्ये ओळखली. वाढली तर दमा, अॅलर्जी, जंत आणि किनाऱ्यावर हत्तीरोगाचाही विचार करावा. ‘व्हिटॅमिन’बद्दलची नोंदही मोजकी : १९१२ मध्ये फुंकने जीवनाला आवश्यक अमाइन म्हणून ‘व्हिटामाइन’ नाव दिलं, पुढे त्यांतले बरेच अमाइन नसल्याचं कळलं तेव्हा इंग्रजी शब्दाच्या शेवटचं अक्षर काढून टाकलं. चुकीच्या समजुतीतून आलेलं नाव कसं समजावून द्यावं याचा हा नमुना आहे.

यकृताच्या भागात एक चूक अशी आहे की ती वाचून वाईट वाटतं, कारण हेतू चांगला आहे. ‘हिपॅटिक शब्दाचं मूळ संस्कृत यकृत’ असं छापलंय. ग्रीक हेपार, लॅटिन येकुर आणि संस्कृत यकृत् या तिन्ही बहिणी. एका जुन्या सामायिक भाषेतून तिन्ही आल्या, कुणी कुणाची आई नाही. प्लीहा आणि स्प्लीन, अस्थी आणि ऑस्टिऑन, दंत आणि डेन्स यांचंही तसंच. एवढं लिहिलं असतं तरी वाचणाऱ्याला अभिमान वाटायला पुरेसं होतं, आणि खरंही राहिलं असतं. ‘बिलिरुबिन’समोर ‘पिवळं रंगद्रव्य’ हे कामापुरतं बरोबर, पण शब्दात आहे ते बिलिस म्हणजे पित्त आणि रुबर म्हणजे लाल; शुद्ध स्फटिक तांबूस-नारिंगी असतात. त्याच्या आधीचं ‘बिलिव्हर्डिन’ हिरवं. मुका मार लागलेली जागा आधी हिरवी आणि मग पिवळी पडते ती याच क्रमाने. डोळे पिवळे दिसायला लागेपर्यंत बिलिरुबिन साधारण दोन-तीन मिलिग्रॅमवर गेलेलं असतं. आपला ‘कावीळ’ शब्द ‘कामला’पासून आलाय, हे पत्रकाने बरोबर दिलंय. त्याच्याच खाली, कावीळ हा आजार नसून लक्षण आहे आणि कारण हिपॅटायटिस, लेप्टो, पित्ताचा खडा यांपैकी काहीही असू शकतं, ही ओळ आहे. झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे आधी जाण्याची रीत असलेल्या भागात ही ओळ अमोल आहे.

एसजीपीटी आणि एएलटी या यकृताच्या एकाच तपासणीच्या दोन पिढ्यांतल्या नावांचा उल्लेख पत्रकात नाही. मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट एएलटी म्हणतो, इथला एसजीपीटी, आणि लोकांना वाटतं एक तपासणी राहिली. एसजीओटी आणि एएसटीचंही हेच.

‘क्रिएटिनिन’ ग्रीक क्रेआस, म्हणजे मांस, यावरून. १८३२ मध्ये शेव्ह्रलने मांसाच्या अर्कातून क्रिएटिन वेगळं काढलं, त्यावरून पुढे हे नाव. इथे शब्दाचं मूळ थेट तपासणीच्या तयारीला उपयोगी पडतं. आदल्या रात्री मटणाचं भरपूर जेवण झालं तर सकाळचा आकडा थोडा वर जातो. उलट, ज्या म्हाताऱ्या माणसाच्या दंडा-मांड्यांवर मांसच उरलं नाही त्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड बिघडलेलं असूनही ठीक दिसतं. तिथे वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज, बघायचा, पण तोही क्रिएटिनिनवरूनच काढतात म्हणून जपून. पत्रकात मांस आहे, पण त्यातून निघणारी ही दोन्ही अनुमानं नाहीत.

साखरेचा भाग चांगला. ‘डायबेटिस’ म्हणजे आरपार निघून जाणं, ‘मेलिटस’ म्हणजे मधाचं, आणि मधुमेहातही मध आणि मूत्र हेच दोन अर्थ. राखाडी नळीत फ्लोराइड का, तेही दिलंय : साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी तासाला पाच ते सात टक्के साखर खाऊन टाकतात. एचबीएवनसीसमोर मात्र ‘तीन महिन्यांची सरासरी’ एवढंच लिहिलंय. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईला नुसत्या एचबीएवनसीवरून मधुमेह ठरवू नये, उपाशीपोटीची साखर बघावी.

छपाईबद्दल : अक्षर फार बारीक आहे. ज्यांच्यासाठी पत्रक काढलं त्या वयाच्या माणसाला ते चष्मा लावूनही जड जाईल. ‘रक्तपट्टिका’, ‘अवटू ग्रंथी’ असे पाठ्यपुस्तकी शब्द मथळ्याला आणि ‘प्लेटलेट’, ‘थायरॉइड’ खाली, हा क्रम उलटा हवा; शोधणारा माणूस रिपोर्टात दिसणारा शब्दच शोधतो. आणि रिपोर्टातल्या ‘एच’ (हाय, जास्त) आणि ‘एल’ (लो, कमी) या खुणांचा अर्थ कुठेच नाही. सामान्य मर्यादा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून काढतात, म्हणून धडधाकट माणसाचाही विसातला एखादा आकडा रेषेबाहेर जातोच, हे लिहिलं तर निम्मी घाबरगुंडी टळेल.

हत्तीरोगाची नोंद पत्रकाच्या शेवटी आहे. ‘फायलेरिया’ लॅटिन फिलम म्हणजे धागा यावरून. जंत धाग्यासारखे असतात. त्यांची पिल्लं रात्री दहा ते दोनच्या सुमारास बोटाच्या रक्तात उतरतात, म्हणून नमुना रात्रीच घ्यावा, असं ठळक लिहिलंय आणि ते अगदी बरोबर आहे. पण ही लॅब रात्री आठला बंद होते. रात्रीच्या काचपट्टीसाठी सरकारी हत्तीरोग पथकाची किंवा ग्रामीण रुग्णालयाची वेळ विचारून घ्यावी, किंवा लॅबमध्ये प्रतिजन कार्ड, म्हणजे जंताचं प्रथिन शोधणारं कार्ड, मागावं. ते कार्ड दिवसाच्या रक्तावरही चालतं.